प्रोसेसर हॉटप्लग

प्रोसेसर हॉटप्लग म्हणजे संगणक बंद न करता, त्यावरील ऑपरेटिंग सिस्टीम चालू असतानाच नवा प्रोसेसर जोडण्याची किंवा असलेला प्रोसेसर काढून घेण्याची सुविधा होय. मोठे सर्व्हर, मेनफ्रेम आणि आभासी यंत्रे यांत ही सुविधा प्रामुख्याने वापरली जाते. प्रोसेसर जोडण्याचे काम वरवर ऑपरेटिंग सिस्टीमचे वाटत असले तरी ती हे काम एकटी करू शकत नाही. नवा प्रोसेसर आला आहे ही वार्ता, त्याचा ओळख क्रमांक, त्याचे यंत्रातील स्थान आणि तो वापरास योग्य असल्याची ग्वाही या चार गोष्टी तिला फर्मवेअरकडून मिळतात. एक्स८६ प्रकारच्या संगणकांत ही देवाणघेवाण एसीपीआय या मानकानुसार होते.

संकल्पना

हॉटप्लगचे भौतिक आणि तार्किक असे दोन प्रकार मानले जातात. भौतिक प्रकारात प्रोसेसर, किंवा प्रोसेसर व स्मृती बसवलेला संपूर्ण फलक, यंत्रात प्रत्यक्ष बसवला किंवा काढला जातो. तार्किक प्रकारात प्रोसेसर जागेवरच असतो. ऑपरेटिंग सिस्टीम त्याला कामातून वगळते किंवा पुन्हा कामावर घेते. आभासी यंत्रात नवा प्रोसेसर देणे हे या दोहोंच्या मधले उदाहरण आहे. तेथे कोणीही पेचकस हाती घेत नाही. परंतु पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या दृष्टीने तो प्रोसेसर खरोखरच नव्याने आलेला असतो.

लिनक्स कर्नल प्रोसेसरांची नोंद तीन संचांत ठेवतो. यंत्र चालू असेपर्यंत कधीतरी येऊ शकतील असे सर्व प्रोसेसर ‘संभाव्य’ संचात असतात. त्यांपैकी या क्षणी यंत्रात असलेले ‘उपस्थित’ संचात आणि प्रत्यक्ष काम करणारे ‘कार्यरत’ संचात मोडतात. भौतिक जोडणीमुळे प्रोसेसर संभाव्य संचातून उपस्थित संचात येतो, तर तार्किक जोडणीमुळे उपस्थित प्रोसेसर कार्यरत होतो.

संभाव्य संच यंत्र सुरू होतानाच ठरवावा लागतो, कारण कर्नल प्रत्येक संभाव्य प्रोसेसरसाठी स्मृतीचा स्वतंत्र भाग आरंभीच राखून ठेवतो. शाळेच्या हजेरीपटात वर्षाच्या सुरुवातीस काही ओळी रिकाम्या सोडाव्यात आणि नवा विद्यार्थी आल्यावर त्याचे नाव त्यांपैकी एका ओळीत लिहावे, तशी ही व्यवस्था आहे. ओळच सोडलेली नसेल तर विद्यार्थी वर्गाच्या दारात उभा असूनही त्याची हजेरी लागत नाही. किती ओळी सोडायच्या, हे ऑपरेटिंग सिस्टीमला फर्मवेअर सांगते.

फर्मवेअरची आवश्यकता

यूएसबी किंवा पीसीआय जोडणीवरील उपकरण ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः शोधू शकते. त्या जोडण्यांत प्रत्येक उपकरणाने आपली ओळख कशी द्यावी याचे ठराविक नियम आहेत. प्रोसेसरच्या खोबणीबाबत अशी सर्वमान्य पद्धत नाही. खोबणीला वीज कशी द्यावी, नवा प्रोसेसर इतर प्रोसेसरांशी कोणत्या दुव्याने जोडावा, त्याच्याकडील स्मृती नियंत्रक कसा सज्ज करावा या बाबी प्रत्येक मुख्य फलकागणिक बदलतात. हे तपशील फलकाच्या उत्पादकाला ठाऊक असतात आणि तो ते फर्मवेअरमध्ये लिहून ठेवतो.

हे ज्ञान ऑपरेटिंग सिस्टीममध्येच घालायचे ठरवले, तर बाजारातील प्रत्येक नव्या फलकासाठी तिची नवी आवृत्ती काढावी लागेल. फर्मवेअर मध्यस्थ असल्यामुळे एकच ऑपरेटिंग सिस्टीम वेगवेगळ्या उत्पादकांच्या यंत्रांवर बदल न करता चालते.

एसीपीआय मानक

एसीपीआय या मानकाची पहिली आवृत्ती इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे एचपी व फीनिक्स या कंपन्याही त्यात सहभागी झाल्या. २०१३ मध्ये मानकाची जबाबदारी यूईएफआय फोरम या संस्थेकडे सोपवण्यात आली.

या मानकानुसार फर्मवेअर संगणक सुरू होताना स्मृतीत काही तक्ते मांडून ठेवते. हॉटप्लगच्या दृष्टीने त्यांतील दोन तक्ते महत्त्वाचे आहेत. एमएडीटी हा पहिला तक्ता असून त्यात प्रत्येक प्रोसेसरच्या खंडन नियंत्रकाचा क्रमांक आणि तो प्रोसेसर सक्षम आहे किंवा नाही याची खूण असते. पुढे येऊ शकणाऱ्या प्रोसेसरांची नोंदही येथेच, परंतु ‘अक्षम’ अशा खुणेसह केलेली असते.

डीएसडीटी या दुसऱ्या तक्त्यात केवळ माहिती नसून छोटे कार्यक्रमही असतात. ते एएमएल नावाच्या मध्यस्थ भाषेत लिहिलेले असतात आणि ऑपरेटिंग सिस्टीममधील दुभाषी त्यांचे वाचन करून ते चालवतो. अशा रीतीने फलकाचा उत्पादक आपल्या यंत्राचे विशेष ज्ञान लहान लहान पद्धतींच्या रूपात ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती देतो. प्रोसेसर जोडणीत पुढील पद्धतींचा उपयोग होतो.

• एसटीए : उपकरण उपस्थित, सक्षम आणि सुस्थितीत आहे का, हे सांगते.
• एमएटी : त्या प्रोसेसरची एमएडीटी तक्त्यात शोभेल अशी ताजी नोंद देते.
• पीएक्सएम : प्रोसेसर कोणत्या स्मृतीच्या जवळ आहे, हे सांगते.
• ईजे० : उपकरण यंत्रातून सोडवते.
• ओएसटी : जोडणी वा काढणी यशस्वी झाली की फसली, हे ऑपरेटिंग सिस्टीमने फर्मवेअरला कळवण्यासाठी असते.

जोडणीची प्रक्रिया

आभासी यंत्रात नवा प्रोसेसर जोडला जातो तेव्हा घटनांचा क्रम साधारणपणे असा असतो.

१. व्यवस्थापक नव्या प्रोसेसरची आज्ञा देतो. यजमान सॉफ्टवेअर प्रोसेसर तयार करते आणि त्याची स्थिती एका नोंदणी-स्थानात लिहिते.
२. पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टीमला एससीआय नावाचा खंडन संकेत मिळतो. या संकेतातून काहीतरी घडले आहे एवढेच कळते. काय घडले ते कळत नाही.
३. त्या घटनेसाठी फर्मवेअरने दिलेली एएमएल पद्धत ऑपरेटिंग सिस्टीम चालवते. ही पद्धत नोंदणी-स्थाने तपासते, नवा प्रोसेसर शोधते आणि ‘हे उपकरण तपासा’ अशी सूचना देते.
४. ऑपरेटिंग सिस्टीम एसटीए पद्धतीने प्रोसेसरची उपस्थिती पडताळते.
५. एमएटी पद्धतीने किंवा एमएडीटी तक्त्यावरून खंडन नियंत्रकाचा क्रमांक मिळवला जातो आणि त्याला कर्नलमधील मोकळा प्रोसेसर क्रमांक जोडला जातो.
६. प्रोसेसर उपस्थित संचात दाखल होतो आणि वापरकर्ता-स्तरावरील व्यवस्थापन कार्यक्रमांना त्याची सूचना जाते.
७. प्रोसेसर कार्यरत केला जातो.
८. ओएसटी पद्धतीने निकाल फर्मवेअरला कळवला जातो.

लिनक्समध्ये सहावी आणि सातवी पायरी वेगळी ठेवलेली आहे. प्रोसेसर आला म्हणून कर्नल त्याला आपोआप कामाला लावत नाही. तो निर्णय वापरकर्ता-स्तरावरील नियमावर सोपवलेला असतो. असा नियम लिहिलेला नसेल तर नवा प्रोसेसर यादीत दिसतो, पण निष्क्रिय राहतो. आभासी यंत्रात प्रोसेसर वाढवूनही वेग वाढला नाही, अशा तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

नवा प्रोसेसर कार्यरत करणे

एक्स८६ प्रोसेसर आरंभी स्वस्थ असतो. आधीपासून चालू असलेला प्रोसेसर त्याला प्रथम आरंभ-संकेत आणि त्यानंतर प्रारंभ-संकेत पाठवतो. प्रारंभ-संकेतात स्मृतीच्या पहिल्या १ मेगाबाइटमधील एका पानाचा पत्ता असतो. नवा प्रोसेसर त्या पत्त्यावरील सूचनांपासून, जुन्या १६ बिटी पद्धतीत, कामास आरंभ करतो. तेथे कर्नलने ठेवलेली छोटी संहिता त्याला टप्प्याटप्प्याने ६४ बिटी पद्धतीत आणते.

यानंतर मायक्रोकोडची आवृत्ती इतर प्रोसेसरांशी जुळवली जाते, स्मृतीच्या वापराचे नियम समान केले जातात, घड्याळ मिळवले जाते आणि कार्यांचे वाटप करणाऱ्या घटकाला नव्या सहकाऱ्याची ओळख करून दिली जाते. कर्नलच्या अनेक उपप्रणालींना या बदलाची वार्ता ठरलेल्या क्रमाने द्यावी लागते. लिनक्समध्ये पूर्वी यासाठी सूचना-साखळी वापरली जाई. तिच्यातील क्रम सांभाळणे अवघड ठरत असे. २०१६ मध्ये ४.६ या आवृत्तीपासून तिच्या जागी टप्प्यांचा निश्चित क्रम असलेली रचना आणण्यास प्रारंभ झाला. एखादा टप्पा फसल्यास आधीचे टप्पे उलट क्रमाने मागे घेता येणे, हा या रचनेचा मुख्य लाभ आहे.

प्रोसेसर काढणे

काढण्याची प्रक्रिया जोडण्यापेक्षा अधिक जोखमीची आहे. फर्मवेअर काढणीची विनंती पाठवते. ती मान्य करणे किंवा नाकारणे ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती असते. विनंती मान्य झाल्यास त्या प्रोसेसरवरील कार्ये इतर प्रोसेसरांकडे हलवली जातात, त्याच्याकडे येणारे खंडन संकेत दुसरीकडे वळवले जातात आणि त्याचे कालमापक रिकामे केले जातात. मगच तो थांबवला जातो आणि ईजे० पद्धतीने फर्मवेअरला मोकळीक दिली जाते. एखादे कार्य विशिष्ट प्रोसेसरलाच बांधलेले असेल तर अडचण येऊ शकते. एक्स८६ यंत्रांत आरंभ करणारा पहिला प्रोसेसर सामान्यतः काढता येत नाही. विंडोज सर्व्हर २००८ च्या डेटासेंटर आवृत्तीत चालू यंत्रात प्रोसेसर जोडण्याची सोय होती, परंतु काढून घेण्याची नव्हती.

सुरक्षितता

एक्स८६ प्रोसेसरमध्ये व्यवस्थापन अवस्था नावाची एक विशेष अवस्था असते. तिच्यात फर्मवेअरची संहिता ऑपरेटिंग सिस्टीमपासून लपलेल्या स्मृतीत चालते. नव्या प्रोसेसरला मात्र त्या लपलेल्या स्मृतीचा पत्ता ठाऊक नसतो. कारखान्यातून आलेल्या स्थितीत तो या अवस्थेसाठी १९२ किलोबाइटच्या ठिकाणापासून सुरू होणारी सामान्य स्मृती वापरतो, आणि ती ऑपरेटिंग सिस्टीमच्या आवाक्यात असते. कोणी दुष्ट हेतूने तेथे आपली संहिता पेरून ठेवली, तर नवा प्रोसेसर ती सर्वोच्च अधिकाराने चालवील.

यासाठी नव्या प्रोसेसरला ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती देण्यापूर्वी फर्मवेअरने त्याचा ताबा घेऊन हा पत्ता सुरक्षित जागी हलवणे आवश्यक असते. क्यूईएमयू हे यजमान सॉफ्टवेअर आणि त्यासोबत वापरले जाणारे मुक्त यूईएफआय फर्मवेअर यांत २०२० च्या सुमारास अशी व्यवस्था करण्यात आली. तीत एएमएल पद्धत आधी फर्मवेअरला जागे करते आणि त्याचे काम झाल्यावरच ऑपरेटिंग सिस्टीमला नव्या प्रोसेसरची सूचना देते.

इतर संगणक-रचना

आयबीएमच्या पॉवर यंत्रांत एसीपीआयऐवजी उपकरण-वृक्ष आणि आरटीएएस नावाची फर्मवेअर सेवा वापरली जाते. नव्या प्रोसेसरचे वर्णन फर्मवेअरकडून घेऊन ते वृक्षात जोडले जाते आणि आरटीएएसच्या आज्ञेने प्रोसेसर सुरू होतो.

आर्म रचनेत पीएससीआय या मानकानुसार ऑपरेटिंग सिस्टीम प्रोसेसर सुरू वा बंद करण्याची विनंती फर्मवेअरला करते आणि फर्मवेअर ती नाकारूही शकते. आर्म यंत्रांत सर्व प्रोसेसर आरंभापासून उपस्थित मानले जातात. त्यामुळे आभासी यंत्रात ते नंतर देण्यासाठी वेगळी योजना करावी लागली. २०२२ मधील एसीपीआय ६.५ या आवृत्तीत आर्म प्रोसेसरांच्या नोंदीत ‘पुढे कार्यरत करता येईल’ अशी खूण समाविष्ट झाली आणि २०२४ मधील लिनक्स ६.११ मध्ये तिचा उपयोग करणारी सुविधा आली.

इतिहास

चालू यंत्रात प्रोसेसर बदलण्याची गरज प्रथम मोठ्या व्यावसायिक संगणकांत भासली. सन मायक्रोसिस्टीम्सच्या १९९७ मधील एंटरप्राइज १०००० या सर्व्हरमध्ये १६ फलकांवर मिळून ६४ प्रोसेसर बसत आणि सोलारिस चालू असताना एखादा फलक जोडता किंवा काढता येत असे. आयबीएमने २००२ मध्ये एआयएक्स ५.२ द्वारे पॉवर४ यंत्रांच्या विभागांमध्ये प्रोसेसरांची अदलाबदल शक्य केली. लिनक्समध्ये प्रोसेसर हॉटप्लगची सुविधा २.६ या मालिकेत, २००४ च्या सुमारास रुजली. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ४ मध्ये २००९ साली चालू आभासी यंत्राला प्रोसेसर देण्याची सोय आली. त्यानंतर या तंत्राचा मुख्य वापर भौतिक यंत्रांकडून आभासी यंत्रांकडे सरकला.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात हे तंत्र मुख्यत्वे माहिती केंद्रांच्या संदर्भात महत्त्वाचे ठरते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या राष्ट्रीय माहिती केंद्रांपैकी एक पुण्यात आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे व मुंबई येथे, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपले क्लाउड विभाग सुरू केले. अशा केंद्रांत एका भौतिक सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालतात.

या सेवांचा वापर करणारा नागरिक बहुधा केंद्रापासून दूर असतो. वाशीम जिल्हा हे त्याचे एक उदाहरण आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला, अमरावती विभागातील हा जिल्हा वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा असून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचा समावेश आहे. सोयाबीन हे येथील प्रमुख पीक आहे. सातबारा उतारा, पीक विम्याचा अर्ज, शिष्यवृत्ती, दहावी-बारावीचे निकाल या बाबी आता ऑनलाइन झाल्या आहेत. अर्जाची मुदत संपण्याच्या किंवा निकाल लागण्याच्या दिवशी सर्व्हरवर एकाच वेळी फार मोठा भार येतो. त्या वेळी संगणक बंद करून क्षमता वाढवायची म्हटले, तर सेवा केंद्रापुढे रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा अर्ज मुदतीत जाईल की नाही हा प्रश्न उभा राहतो.

अशा प्रसंगी व्यवस्थापकापुढे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग आणखी सर्व्हर उभे करून भार वाटून देण्याचा असून संकेतस्थळाच्या दर्शनी भागासाठी तो सोयीचा पडतो. माहितीसाठा सांभाळणारा मुख्य सर्व्हर मात्र सहज विभागता येत नाही. त्याची क्षमता सेवा न थांबवता वाढवायची असेल तर चालू यंत्रात प्रोसेसर व स्मृती जोडणे हा दुसरा मार्ग उपयोगी ठरतो.

पुण्यातील सी-डॅक या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने १९९१ मध्ये तयार केलेला परम ८००० हा महासंगणक मात्र वेगळ्या तत्त्वावर आधारित होता. त्यातील प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची स्मृती होती आणि प्रोसेसर संदेशांद्वारे परस्परांशी बोलत. अशा वितरित यंत्रात क्षमता वाढवण्यासाठी नवा घटक शेजारी जोडता येतो. प्रोसेसर हॉटप्लगचा प्रश्न उद्भवतो तो एकाच ऑपरेटिंग सिस्टीमखाली, सामायिक स्मृतीवर काम करणाऱ्या प्रोसेसरांबाबत.

दैनंदिन वापर

हे तंत्र केवळ माहिती केंद्रांपुरते मर्यादित नाही. लिनक्सवर चालणारा लॅपटॉप एस३ प्रकारच्या निद्रावस्थेत जातो तेव्हा कर्नल पहिला प्रोसेसर सोडून इतर सर्व प्रोसेसर तार्किक हॉटप्लगच्याच मार्गाने बंद करतो. झाकण उघडल्यावर प्रथम फर्मवेअर जागे होते, ते पहिल्या प्रोसेसरला कर्नलच्या हाती देते आणि कर्नल उरलेल्या प्रोसेसरांना एकेक करून परत बोलावतो. शाळेच्या संगणक कक्षात लॅपटॉप मिटणारा विद्यार्थी नकळत हीच यंत्रणा दिवसातून अनेकदा वापरत असतो.

मर्यादा

फर्मवेअरने दिलेली माहिती चुकीची असेल तर ऑपरेटिंग सिस्टीमलाही चूक कळत नाही. काही मुख्य फलकांचे फर्मवेअर एमएडीटी तक्त्यात कधीही न येणाऱ्या प्रोसेसरांच्या अक्षम नोंदी ठेवते. कर्नल त्यांना संभाव्य समजून स्मृती राखून ठेवतो आणि ती वाया जाते. ही संदिग्धता दूर करण्यासाठी २०१९ मधील एसीपीआय ६.३ मध्ये ‘पुढे कार्यरत करता येईल’ अशी वेगळी खूण समाविष्ट करण्यात आली. ही खूण नसलेली अक्षम नोंद दुर्लक्षणीय मानता येते.

आभासी यंत्रांत प्रोसेसरांची कमाल संख्या यंत्र सुरू करण्यापूर्वीच ठरवावी लागते. व्हीस्फिअरमध्ये ही सुविधा चालू केल्यास पाहुण्या यंत्राला प्रोसेसर व स्मृती यांची जवळीक दाखवणारी आभासी मांडणी सामान्यतः मिळत नाही आणि मोठ्या माहितीसाठ्यांचा वेग त्यामुळे कमी होऊ शकतो. याखेरीज, जे सॉफ्टवेअर सुरू होतानाच प्रोसेसर मोजून आपल्या कार्यधाग्यांची संख्या कायम करते, त्याला नव्या प्रोसेसरचा पूर्ण लाभ मिळत नाही. प्रोसेसरांच्या संख्येवर परवाना शुल्क आकारले जात असल्यास क्षमता वाढवताना तो खर्चही विचारात घ्यावा लागतो.

हे सुद्धा पाहा

• फर्मवेअर
• ऑपरेटिंग सिस्टीम
• लिनक्स कर्नल
• आभासी यंत्र
• परम महासंगणक
• वाशीम जिल्हा